वेबपेजच्या लिंकवरून पीसीवरचा प्रोग्राम उघडायचाय? जुन्या विंडोजसाठी तीन मार्ग

ऑफिसच्या अंतर्गत वेबपेजवर क्लिक केलं की ती नोंद पीसीवर बसवलेल्या प्रोग्राममध्येच उघडावी, ही मागणी जुनीच. पीसी विंडोज ७ चे असतील आणि बदलायला बजेट नसेल, तर पर्याय तीनच उरतात. अ‍ॅक्टिव्हएक्स, म्हणजे वेबपेजमधून पीसीवर कोड चालवणारं मायक्रोसॉफ्टचं जुनं तंत्र, मी धरतच नाही. ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालतं, आणि असं काम त्याच्याकडून करून घ्यायला सुरक्षेच्या सेटिंग्ज फारच सैल सोडाव्या लागतात.

सर्वांत हलका मार्ग म्हणजे स्वतःचा यूआरएल प्रोटोकॉल, लिंकच्या सुरुवातीला http ऐवजी आपण ठरवलेलं नाव. झूमच्या लिंकवरून झूम उघडतं ते याच यंत्रणेने. रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग्ज साठवतं तिथे) प्रोटोकॉलच्या नावाची एक की, म्हणजे फोल्डरसारखा कप्पा, तिच्यात ‘URL Protocol’ नावाची रिकामी व्हॅल्यू आणि खाली प्रोग्रामची एक्झी फाइल चालवायची कमांड, एवढंच लागतं. करंट युजरच्या भागात लिहिलं तर अ‍ॅडमिन पासवर्डही मागत नाही. एक्सप्लोरर, क्रोम, फायरफॉक्स तिन्हींना चालतं, अगदी एक्सपीवरसुद्धा.

मात्र की नसलेल्या पीसीवर क्लिक केलं तर काही ब्राउझर एरर दाखवतात, काही गप्प बसतात. त्याहून मोठी भानगड अशी की तुमच्या प्रोटोकॉलची लिंक कुठलीही परकी साइट देऊ शकते, आणि लिंकमधला सगळा मजकूर प्रोग्रामच्या कमांड-लाइनवर, म्हणजे तो सुरू करायच्या आज्ञेत, जातो. २००७ मध्ये फायरफॉक्सच्याच प्रोटोकॉलमध्ये अशी फट सापडली होती. एक्सप्लोररमधल्या लिंकमध्ये अवतरणचिन्ह घुसवून फायरफॉक्सला भलतेच स्विच (सुरू होतानाच्या सूचना) देता येत होते. म्हणून लिंकमधून फक्त नोंदीचा क्रमांक घ्या, त्यात आकड्यांशिवाय काही असेल तर सरळ नाकारा. फाइलचा पत्ता तर कधीच घेऊ नका.

दुसरा मार्ग जावा वेब स्टार्ट, म्हणजे लिंकवरून जावा प्रोग्राम उतरवून चालवणारी सोय. त्याचा विचार प्रोग्राम जावात असेल तरच. सर्व्हरवर नवी आवृत्ती ठेवली की प्रत्येक पीसी ती आपोआप उचलतो. प्रोटोकॉलला हे जमत नाही. पण २०१८ च्या जावा ११ मधून ते काढून टाकलं गेलं. म्हणजे जावा ८ धरून बसा, नाहीतर त्याचा मुक्त पर्याय ओपनवेबस्टार्ट वापरा. शिवाय जावा ७ च्या अपडेट ५१ पासून डिजिटल सही नसलेला प्रोग्राम मूळ सेटिंगमध्ये अडवला जातो. कमी रॅमच्या पीसीवर तो सुरू होईपर्यंत लोक पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतात, हे वेगळंच.

तिसरा मार्ग क्लिकवन्स, लिंकवरून प्रोग्राम बसवणारी मायक्रोसॉफ्टची सोय. ती डॉटनेटवाल्यांसाठी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. अपडेट आपोआप, अ‍ॅडमिनची गरज नाही, पण क्रोम आणि फायरफॉक्सला वेगळं एक्स्टेन्शन लागतं. एक्सप्लोररवरच काम चालणार असेल तर उत्तम.

माझं मत विचाराल तर एक्झी दुसऱ्या कंपनीची असेल तेव्हा प्रोटोकॉलच घ्या, मध्ये क्रमांक तपासणारा छोटा प्रोग्राम ठेवून. प्रोग्राम स्वतःचा, डॉटनेटमधला आणि सारखा बदलणारा असेल तर क्लिकवन्सने बसवा नि लिंकसाठी प्रोटोकॉल वापरा. फक्त क्लिकवन्स प्रत्येक आवृत्ती नव्या, विचित्र नावाच्या फोल्डरात टाकतं आणि रजिस्ट्रीतला जुना पत्ता शिळा होतो. तेव्हा प्रत्येक वेळी सुरू होताना प्रोग्रामनेच ती की पुन्हा लिहावी.