कॅम्पर व्हॅन जळगावजवळ शेडमध्ये ठेवतोय, दिवाळीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

ट्रॅव्हलर मिनीबसवर बनवून घेतलेली आमची कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, दिवाळीनंतर जळगावच्या थोडं बाहेर एका शेडमध्ये ठेवायला लागलो. उन्हाळा गेला, निम्मा पावसाळाही झाला, आता लिहायला हरकत नाही. आम्ही राहतो पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंचीमुळे गाडी शिरतच नाही, आणि आमचं फिरणं सगळं तिकडचंच, पाल, तोरणमाळ, अजिंठा, नाहीतर सातपुडा ओलांडून ओंकारेश्वर-महेश्वर. दर वेळी पुण्याहून धूड घेऊन निघायचं म्हणजे अर्धी सुट्टी रस्त्यातच जाते. आता रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी जळगाव, तिथून रिक्षा.

जागा बघताना सगळे कुलूप आणि सीसीटीव्ही विचारतात, पण खानदेशात पहिला प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि चारी बाजूंनी बंद पत्र्याचं गोदाम म्हणजे भट्टीच. आमचं शेड उंच आहे, दोन बाजू मोकळ्या, वारा आरपार जातो. धूळ भयंकर बसते, ती धुता येते, पण उष्णतेने प्लायवूडच्या कडा उकलल्या किंवा छतावरचा सीलंट (फटी बुजवणारा रबरासारखा लेप) तडकला तर पुढच्या पावसात पाणी थेट गादीवर. मेच्या शेवटी गेलो तेव्हा छतावर चढून व्हेंटच्या कडेचा सीलंट अंगठ्याने दाबून बघितला, मऊ होता, जीव भांड्यात पडला.

शेडखाली छतावरचं सोलर काही कामाचं नाही हे लक्षात घ्या, आणि जीपीएस ट्रॅकर मात्र थोडी थोडी बॅटरी खातच असतो. त्यात गरमीत बॅटरी उभ्या उभ्या जास्त उतरते. इंजिनची लेड-ॲसिड बॅटरी फुल असली की १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली आली की चार्जरला लावायची असं ठरलंय, मल्टिमीटर तिथेच खिळ्याला टांगलाय. आतल्या वापराची लिथियम बॅटरी निम्मी भरून, तिची वायर काढून ठेवतो, फुल भरून एवढ्या उन्हात ठेवली तर तिचं आयुष्य कमी होतं.

हे सगळं बघणारे तिथले आप्पा, आणि भाड्याचे महिना दोन हजार मी जागेपेक्षा त्यांच्यासाठीच देतो असं समजा. नुसतं पाच मिनिटं स्टार्ट करून बंद केल्याने काही होत नाही, इंजिन नीट तापत नाही आणि बॅटरीही भरत नाही, म्हणून ते पंधरवड्यातून एकदा हायवेला चांगली अर्धा तास फिरवून आणतात. टायर एकाच जागी दबत नाहीत तो वेगळा फायदा. हँडब्रेक ओढायचा नाही, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, नाहीतर ब्रेकचे लायनर धरून बसतात. फोन केला की एकच उत्तर, "काळजी नका करू भाऊ, गाडी चांगली शे."

उंदीर हा मोठा विषय आहे. शेजारच्या भागात दिवाळीनंतर कापूस येतो, कोपऱ्यात धान्याची पोती, म्हणजे उंदरांना निमंत्रणच. आप्पा बॉनेट उघडं ठेवतात, अंधार नसला की उंदीर तिथे घर करत नाहीत, आणि वायरिंगजवळ तंबाखूची पानं कापडात बांधून. आतापर्यंत एकही वायर कुरतडलेली नाही. आत बिस्किटाचा चुरासुद्धा ठेवत नाही. टाकीतलं पाणी काढून नळ उघडे, फ्रीजचं दार किंचित उघडं, टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) धुऊन कोरडी.

कापसामुळे मालकाची एक अट आहे, गॅसचा सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही, आणि ती अगदी बरोबर आहे. सिलिंडर पलीकडे वेगळ्या खोपटात असतो.

पावसाळ्यात शेडपेक्षा शेडपर्यंतचा रस्ता बघा. इथली काळी माती भिजली की एवढी जड गाडी रुतलीच, ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आमच्याकडे गेटपासून मुरूम टाकलाय, तरी वळणावर अजून चिखल होतो, तिथे खडी टाकायचं मालकांनी कबूल केलंय, अर्धा खर्च मी देणार आहे.