चिऱ्याच्या घरात टीपी-लिंक आर्चर टी२यू प्लस: कोणत्या लॅपटॉपला लावावा, कोणत्याला नको

राउटर ओटीवर, लॅपटॉप माजघरात आणि मधे फूट-सव्वा फूट जाडीची चिऱ्याची भिंत. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या जुन्या घरांत वाय-फायची बहुतेक रडारड या भिंतीपाशीच सुरू होते. मग कोणीतरी सल्ला देतं, ‘अँटेनावाला डोंगल घे, भिंतीपलीकडून रेंज खेचतो.’ हा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा वाय-फाय अडॅप्टर, बऱ्याचदा टीपी-लिंकचा आर्चर टी२यू प्लस असतो. किंमत हजार रुपयांच्या आसपास, ऑनलाइन सेलमध्ये थोडी कमी. वस्तू चांगली आहे, पण ती लॅपटॉपचं दुखणं बरं करते, भिंतीचं नाही. त्यामुळे दुखणं कोणाचं ते आधी तपासायला हवं.

तपासणी फुकट होते. लॅपटॉप जिथे ठेवून काम करायचं तिथेच, त्याच्या शेजारी एखादा बऱ्यापैकी नवा फोन ठेवा. मोबाइल डेटा बंद करून फोन वाय-फायवर घ्या आणि दोन्हीवर एकच स्पीड टेस्ट चालवा. फोनवर ४०-५० एमबीपीएस आणि लॅपटॉपवर ३-४ येत असतील, तर लॅपटॉपचं आतलं वाय-फाय कार्ड कमजोर आहे, अडॅप्टर उपयोगी पडेल. दोन्हीकडे रडतच असेल तर हजार रुपये खिशातच राहू द्या. तिथे लॅन केबल किंवा दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलने जोडलेलं दुसरं वाय-फाय केंद्र) लागणार.

खोक्यावर ठळक लिहिलेला आकडा आहे एसी६०० (एसी म्हणजे वाय-फाय ५). तो ५ गिगाहर्ट्झच्या बँडवरचे (लहरींच्या पट्ट्यावरचे) ४३३ आणि २.४ वरचे २०० एमबीपीएस यांची ६३३ ही बेरीज करून खाली गोल केलेला. दोन्ही बँड एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे ६०० कधीच मिळत नाहीत. ४३३ हा सुद्धा लिंकचा, म्हणजे अडॅप्टर आणि राउटरमधल्या जोडणीचा, कागदी वेग. प्रत्यक्ष फाइल उतरवताना राउटरजवळ बसूनही साधारण निम्माच हाती येतो. २.४ वरचे २०० तर राउटरनेही अडॅप्टरसारखीच डेटा दाटीने भरण्याची खास पद्धत (२५६-क्यूएएम) वापरली आणि ४० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा मोकळा मिळाला तरच. अँटेना एकच, ५ डीबीआयची (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप), आणि जोडणी यूएसबी २.० ची.

२०१४ ते २०१८ च्या सुमाराचे बरेच स्वस्त लॅपटॉप फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात, तेही एका अँटेनावर. त्यांचा लिंक-वेग ७२ एमबीपीएसला थांबतो. त्यांच्यासाठी हा अडॅप्टर म्हणजे खरोखरची बढती. पण ज्या लॅपटॉपमध्ये आधीच दोन अँटेनांचं एसी कार्ड आहे त्याचा लिंक-वेग ८६७ पर्यंत जातो. त्याला हा लावणं म्हणजे पैसे देऊन वेग अर्ध्यावर आणणं. बाहेरच्या अँटेनामुळे लांबवर टिकाव थोडा जास्त लागतो, इतकाच काय तो लाभ.

आपल्याकडे काय आहे ते असं बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत). ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ या ओळीत ८०२.११एन वर गाडी थांबली आणि ५ गिगाहर्ट्झचं नाव कुठेच नसेल तर अडॅप्टर घ्यायला हरकत नाही. शेवटचा शब्द बदलून ‘इंटरफेसेस’ केला की चालू जोडणीचा चॅनल, वेग आणि सिग्नलची टक्केवारी दिसते. ५० टक्के म्हणजे साधारण उणे ७५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). इथे पानं उघडतात, पण व्हिडिओ मीटिंग अडखळते. मीटिंगसाठी ६५-७० टक्के तरी हवेत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून लोकेशन बंद असेल तर ही माहिती दाखवायला आज्ञा नकार देते, तेव्हा आधी सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा.

‘वाय-फायच दिसत नाही’ म्हणून अडॅप्टर घ्यायला निघालेल्यांनी दुकानात जाण्याआधी पाच मिनिटं काढावीत. एअरप्लेन मोड बघा. बऱ्याच एचपी लॅपटॉपवर एफ१२ च्या बटणात छोटा दिवा असतो; तो नारिंगी असेल तर वायरलेस बंद आहे. जुन्या थिंकपॅडच्या कडेला सरकता स्विच असतो, बॅगेत घासून तो नेमका बंद होतो. मग स्टार्टवर राइट-क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स. कार्डावर खाली जाणारा बाण असेल तर ते डिसेबल केलेलं आहे, राइट-क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरत शट डाउन करा. साध्या शट डाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे ड्रायव्हरची बिघडलेली अवस्था तशीच जपली जाते, म्हणून दहादा बंद-चालू करूनही फरक पडत नाही. तरीही अडलं तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून ठेवा. कार्ड यादीत ठीक दिसतं पण एकही नेटवर्क येत नाही, अशा वेळी सर्व्हिसेसमध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ चालू आणि ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना ते पाहा.

सगळी नेटवर्कं दिसतात, फक्त घरचंच दिसत नाही, ही वेगळी तऱ्हा. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपवर ती भेटते. राउटर ‘ऑटो’वर असताना त्याने चॅनल १२ किंवा १३ निवडला की असे काही लॅपटॉप तो ऐकतच नाहीत. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ वर बांधून टाका.

आता अडॅप्टर बसवण्याबद्दल. ड्रायव्हर सीडीवर आला तरी आजच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह कुठे असतो? विंडोज १० आणि ११ ला नेट मिळालं की ड्रायव्हर सहसा विंडोज अपडेटमधून येतो, पण नेट मिळवण्यासाठीच तर हा खटाटोप. सोपी वाट फोनची: डेटा केबलने फोन लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट-टेदरिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. काही चार्जरांसोबतच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात. टेदरिंगचा पर्याय फिकट दिसत राहिला तर आधी केबल बदला. कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेणार असाल तर अडॅप्टरच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती जुळवून घ्या.

ड्रायव्हर बसला की आतलं जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. अनइन्स्टॉल नको, नाहीतर पुढच्या स्टार्टला विंडोज ते पुन्हा उभं करतं. दोन्ही चालू ठेवले तर लॅपटॉप जुन्याच कार्डावरून चालत राहतो आणि ‘अडॅप्टर लावून काही फरक नाही’ असा शेरा मिळतो. त्यानंतर अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची परवानगी काढून घ्या. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ सापडला तर तोही बंद करा. दर दहा-पंधरा मिनिटांनी जोडणी तुटण्याचं कारण बऱ्याचदा इथेच निघतं.

अडॅप्टर कुठल्या पोर्टात खोचता यालाही महत्त्व आहे. यूएसबी ३.० चं पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. अडॅप्टर २.० चाच आहे, तेव्हा काळ्या जिभेच्या २.० पोर्टात लावा आणि डिस्क दुसऱ्या बाजूला. त्याहून चांगलं म्हणजे मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. तिने अडॅप्टर टेबलाच्या वर, दाराच्या रेषेत आणता येतो. चिऱ्याच्या घरात सिग्नल भिंतीतून कमी आणि दारा-खिडक्यांतून जास्त येतो. माजघराचं दार उघडं असताना आणि बंद असताना टक्केवारी पाहिली की हे लक्षात येईल. अँटेना उभी ठेवली की ती आडव्या दिशेला चांगली पोचते. राउटर खाली आणि लॅपटॉप माळ्यावर असेल तर ती तिरपी किंवा आडवी करून बघा. अँटेनाच्या टोकाचा रोख राउटरकडे धरणं मात्र चूक, टोकाच्या दिशेलाच ती सगळ्यात मंद असते.

५ गिगाहर्ट्झ चिऱ्यासमोर २.४ पेक्षा लवकर हार मानतं. म्हणून राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. एका भिंतीपर्यंत ५ चालवा. दोन भिंती पलीकडे २.४ वर या आणि वेग कमी मिळतो हे मान्य करा. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए-३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) ठेवलं असेल तर जुनी कार्डं बरोबर पासवर्ड देऊनही आत शिरत नाहीत, तिथे डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र ठेवावं.

वाय-फायच्या खुणेवर सगळ्या पट्ट्या भरलेल्या आणि तरी नेट नाही, ही तक्रार अडॅप्टरवर ढकलू नका. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही, राउटर बंद-चालू करा. पत्ता ठीक असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी (नेट मधल्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सोय) आणि हाताने भरलेला डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) पाहा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या ऑफिस-लॅपटॉपवर हे हटकून सापडतं. आणि घड्याळ. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपची घड्याळ चालू ठेवणारी सीमॉस बॅटरी उतरते, तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडायला नकार देतात. तारीख दुरुस्त केली की सगळं सुरळीत. ‘नेटवर्क रिसेट’ शेवटी ठेवा, त्यात जपलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात.

ऑफिस-लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. अनेक कंपन्यांत ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, काही ठिकाणी बाहेरची यूएसबी साधनंच बंद असतात. अडॅप्टर मागवण्याआधी आयटीला विचारा, नाहीतर गौरी जाईपर्यंत तो खोक्यातच.

पावसाळ्यात गणित बदलतं. चिरा म्हणजे जांभा; तो सच्छिद्र, पाणी पितो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते. त्यात पडवीला पाऊस अडवायला लावलेला पत्रा राउटर आणि लॅपटॉपच्या मधे आला तर सिग्नल जवळजवळ संपलाच, तिथे ५ डीबीआयची अँटेना काही करू शकत नाही. मे महिन्यात जमवलेली जागा जुलैत पुन्हा तपासावी लागेल. किनाऱ्यालगत, मालवण-गुहागर पट्ट्यात, खारी हवा यूएसबीच्या टोकांना धरते. अडॅप्टर हलवला की तुटतो आणि जुळतो असं होऊ लागलं तर लॅपटॉप बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसा. काम नसताना सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा.

लिनक्सवाल्यांनी जरा जपून. आतली चिप रिअलटेकची आहे. अगदी अलीकडच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तिचा आधार आला आहे, पण जुन्या उबुंटूवर ड्रायव्हर बाहेरून आणून बांधावा लागतो आणि कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागू शकतो. एम मालिकेच्या मॅकसाठी घेऊ नका.

पर्याय दोन. लॅपटॉप उघडायची तयारी असेल आणि आत एम.२ खाच असेल तर इंटेलचं एएक्स२१० कार्ड यापेक्षा बरंच सरस. त्यावर दोन अँटेना, वाय-फाय ६ई आणि ब्लूटूथ. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ मात्र घेऊ नये, ती ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतात. काही जुने एचपी आणि लेनोवो लॅपटॉप त्यांच्या बायॉसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) यादीत नसलेलं कार्ड पाहून सुरूच होत नाहीत, तेव्हा मॉडेल नंबर टाकून आधी खात्री करा. अँटेनाच्या तारांची टोपणं फार बारीक असतात. नखाने सरळ वर उचलायची, ओढायची नाहीत.

दुसरा पर्याय भिंतीसाठीचा: ओटीवरच्या राउटरपासून माजघरापर्यंत कॅट-६ केबल आणि टोकाला साधा राउटर, ॲक्सेस पॉइंट मोडवर. चिऱ्याला भोक पाडायला लांब बिट लागतो. ते नको असेल तर केबल चौकटीच्या वरून किंवा वाशाखालून नेता येते. खळ्यापलीकडच्या दुसऱ्या घरात केबल न्यायची असेल तर परतीच्या पावसातली वीज लक्षात ठेवा. उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकते, तिथे फायबरच टाकावी.

दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारे, नाव नसलेले, ‘६०० एमबीपीएस’ छापलेले नखाएवढे डोंगल घेण्यात अर्थ नाही. त्यातले बरेचसे फक्त २.४ वर चालतात, म्हणजे ज्या रोगासाठी औषध घ्यायचं तोच रोग विकत घेणं. टी२यू प्लसला दहापैकी सात: जुन्या विंडोज लॅपटॉपला आणि एका भिंतीपलीकडच्या राउटरला. दोन भिंतींसाठी तीन.