उत्तम प्राचार्य, अबोल नियामक मंडळ : एका लहान खासगी महाविद्यालयाच्या कारभाराचे परीक्षण

महाविद्यालय निवडताना आपण अभ्यासक्रम पाहतो, निकाल पाहतो, वसतिगृहाची चौकशी करतो. परंतु संस्थेचे निर्णय कोण घेते आणि निर्णय घेणाऱ्याला जाब कोण विचारते, हे फार थोडे पालक पाहतात. मोठ्या विद्यापीठात एखादा चुकीचा निर्णय पचवण्याइतकी ताकद असते. काही शे विद्यार्थ्यांच्या खासगी महाविद्यालयात मात्र एका चुकीच्या निर्णयाने चालू वर्गाचे शिक्षण अर्धवट राहू शकते. माझी भाची अशाच एका महाविद्यालयात शिकते. तिथले वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित हिशेब आणि नियामक मंडळाच्या बैठकांची पाहण्यासाठी खुली असलेली इतिवृत्ते वाचून, तसेच पालकांसाठीच्या वार्षिक सभेला उपस्थित राहून हे परीक्षण लिहीत आहे. संस्था इतकी लहान आहे की नाव घेताच व्यक्ती ओळखू येतील, आणि माझे आक्षेप व्यक्तींपेक्षा रचनेवर आहेत. म्हणून नाव देत नाही.

प्राचार्यांविषयी आधी लिहिले पाहिजे, कारण या महाविद्यालयाचे जे काही चांगले चालले आहे त्यातले बरेचसे त्यांच्यामुळे आहे. त्या स्वतः एक विषय शिकवतात, नव्या अध्यापकांच्या तासांना मागे बसून नंतर लेखी अभिप्राय देतात, आणि विद्यार्थ्याच्या तक्रारीला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळेल याकडे जातीने लक्ष देतात. अंतर्गत मूल्यमापनातील एका गोंधळाबाबत पालकांनी विचारणा केली, तेव्हा त्यांनी चूक कोठे झाली, कोणत्या विद्यार्थ्यांवर तिचा परिणाम झाला आणि ती कशी दुरुस्त होईल, हे एका पानात स्पष्ट कळवले. असे पत्र लिहिण्यासाठी सचोटी लागते. अध्यापनाच्या सेवेसाठी मी या महाविद्यालयाची शिफारस निःशंकपणे करीन.

कारभाराबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. इतिवृत्ते वाचताना सर्वांत प्रथम जाणवते ती त्यांतील एकसुरी शांतता. अंदाजपत्रक असो, शुल्कवाढ असो वा नव्या इमारतीसाठीचे कर्ज असो, जवळपास प्रत्येक विषयापुढे ‘चर्चेअंती एकमताने मंजूर’ एवढीच नोंद आहे. चर्चेत कोणती शंका निघाली, कोणता पर्याय नाकारला गेला, कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब किती विद्यार्थिसंख्या गृहीत धरून केला, यांतले काहीच समजत नाही. सभासदांच्या कार्यकालाला मर्यादा नाही, त्यामुळे तीच मंडळी वर्षानुवर्षे मंडळावर आहेत. वित्त समितीतले लोकच लेखापरीक्षण समितीत आहेत, म्हणजे खर्चाला मान्यता देणारे आणि तो तपासणारे एकच झाले. यात कोणाचा वाईट हेतू असेल असे मी म्हणत नाही. सभासद मानधन घेत नाहीत, संस्थेवर त्यांचे प्रेम आहे, आणि अध्यक्षांनी सभेत आमच्या प्रत्येक प्रश्नाला न चिडता उत्तर दिले. तरीही इमारतीचे काम ज्या कंत्राटदाराला मिळाले त्याचे एका सभासदाशी नाते आहे, असे अध्यक्षांनीच त्या सभेत सांगितल्यावर, त्या विषयाच्या वेळी संबंधित सभासद बैठकीतून उठून गेले होते का, हा प्रश्न विचारणे भाग होते. उत्तर ‘हो’ असे मिळाले. इतिवृत्तात तशी नोंद नाही. नोंद असती तर ज्या माणसाने योग्य तेच केले त्याच्यावर संशयाची सावली पडली नसती.

इमारतीच्या कर्जावर मी इतका भर का देतो, हे सांगायला हवे. लहान खासगी महाविद्यालयाचे उत्पन्न मुख्यतः शुल्कावर चालते, तर वेतन, देखभाल आणि कर्जाचे हप्ते हे खर्च विद्यार्थी घटले म्हणून लगेच घटत नाहीत. एखाद्या वर्षी प्रवेश थोडे कमी झाले तरी तूट पुढची तीन-चार वर्षे सोबत येते, कारण तो लहान वर्ग दरवर्षी वरच्या इयत्तेत सरकत राहतो. न्यूयॉर्कमधील कूपर युनियन या १८५९ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयाने अनेक दशके विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क घेतले नव्हते. २००६ मध्ये घेतलेल्या १७.५ कोटी डॉलरच्या कर्जातून नवी इमारत उभी राहिली, आणि २०१४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपासून शुल्क आकारणे सुरू झाले. त्यावरून संस्थेत मोठा संघर्ष झाला, प्रकरण न्यायालयात गेले, राज्याच्या महान्यायवाद्यांनी (ॲटर्नी जनरल) चौकशी केली, आणि २०१५ च्या तडजोडीत आर्थिक देखरेखीची आणि कारभारातील सुधारणांची हमी संस्थेला द्यावी लागली. कर्ज काढणे हा दोष नव्हे. परंतु प्रवेश अपेक्षेपेक्षा कमी झाले तर काय, याचे उत्तर कर्ज काढण्यापूर्वी कागदावर असले पाहिजे, आणि ते या महाविद्यालयाच्या कागदांत मला सापडले नाही.

दुसरा धोका बातमी उशिरा कळण्याचा. मॅसॅच्युसेट्समधील माउंट आयडा महाविद्यालयाने एप्रिल २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्ष संपायला काही आठवडे उरले असताना, बंद होत असल्याचे जाहीर केले. विद्यार्थ्यांची इतकी धावपळ झाली की पुढच्याच वर्षी त्या राज्याने खासगी महाविद्यालयांच्या आर्थिक स्थितीवर नियमित लक्ष ठेवणारा कायदा केला. व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर महाविद्यालयाच्या मंडळानेही मार्च २०१५ मध्ये संस्था बंद करण्याचा निर्णय अचानक जाहीर केला होता. तिथे माजी विद्यार्थिनींनी न्यायालयात धाव घेतली, जूनमधील तडजोडीनुसार १.२ कोटी डॉलर उभे करण्याची जबाबदारी उचलली, जुन्या मंडळातील बहुसंख्य सभासद आणि अध्यक्ष पायउतार झाले, आणि महाविद्यालय सुरू राहिले. पैसा देऊ शकणारी, संस्थेसाठी झटणारी माणसे अस्तित्वात होती. अडचण किती गंभीर आहे हे त्यांना आधी कोणी विश्वासात घेऊन सांगितले नव्हते. आमच्या महाविद्यालयाचे लेखापरीक्षित हिशेब मला मिळाले, पण अनेक स्मरणपत्रांनंतर. ते वार्षिक अहवालासोबतच छापायला काय हरकत आहे?

अध्यापकांच्या सहभागाबाबतही मला खंत वाटते. अमेरिकेतील अध्यापक, महाविद्यालये आणि नियामक मंडळे यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून १९६६ मध्ये मांडलेल्या निवेदनात अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती आणि अध्यापकांच्या नेमणुका-बढत्या यांची प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची मानली आहे, तर आर्थिक साधनांची अंतिम जबाबदारी मंडळाची. ही विभागणी मला आजही योग्य वाटते. येथे विद्वत्सभा, म्हणजे शैक्षणिक बाबींवर विचार करणारी अध्यापकांची सभा, आहे, तिच्या बैठका होतात. परंतु एक लहान विभाग नव्या प्रवेशांसाठी बंद करण्याचा निर्णय तिच्या सदस्यांना सूचनाफलकावरून कळला. त्या विभागात विद्यार्थी खरोखरच कमी होते आणि निर्णय कदाचित बरोबरही असेल, पण तेथे आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या अध्यापकांना तो आधी समोर बसवून सांगायला हवा होता. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीला मंडळाच्या बैठकीत बसता येते, मत देता येत नाही. ही पद्धत ठीक आहे.

या सगळ्यापेक्षा जास्त काळजी मला एका गोष्टीची वाटते. प्राचार्य येत्या काही वर्षांत निवृत्त होतील, आणि त्यांच्यानंतरची निवड कशी होईल याविषयी मंडळाचा कोणताही ठराव नाही. तक्रारीला मुदतीत उत्तर देण्याची पद्धत त्यांच्या सवयीत आहे, नियमावलीत नाही. नव्या अध्यापकांना लेखी अभिप्राय देण्याचेही तसेच. मंडळाने प्राचार्यांचे वार्षिक मूल्यमापन केल्याचीही नोंद नाही. इतक्या चांगल्या प्राचार्यांना ते त्रासदायक झाले नसते, आणि पुढच्या निवडीसाठी कोणते गुण शोधायचे हे मंडळाला त्यातूनच कळले असते.

म्हणून माझी शिफारस दोन भागांत आहे. येत्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांनी शिक्षणाच्या दर्जाविषयी निर्धास्त राहावे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी हिशेब मागावेत, कर्जाची परतफेड कशी होणार हे विचारावे, आणि संस्था बंद पडल्यास चालू वर्गाचे शिक्षण कोठे पूर्ण होईल याची लेखी व्यवस्था आहे का, हेही विचारावे. मंडळाला पाठवलेल्या पत्रात मी कार्यकालाची मर्यादा, स्वतंत्र लेखापरीक्षण समिती, हितसंबंधांची इतिवृत्तात नोंद आणि प्राचार्य निवडीची लेखी पद्धत या चार मागण्या केल्या आहेत. अध्यक्षांनी पत्राची पोच दिली आहे आणि विषय पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतल्याचे कळवले आहे. त्या बैठकीचे इतिवृत्त खुले झाल्यावर या परीक्षणात भर घालीन.