लो-कार्ब डब्याचा हिशेब: भाजीत पेरलेलं पीठ कोण मोजणार?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-गारखेडा भागात घरपोच येणाऱ्या एका घरगुती लो-कार्ब डब्याचा हा आढावा. नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली जे दोष सांगितलेत ते आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात निघतील.

डबा सोमवार ते शनिवार, फक्त दुपारचा, १४० रुपयांना. तीन कप्प्यांत एक सुकी भाजी, एक रस्सा किंवा भरली भाजी, आणि जवस-तिळाची भाकरी नाहीतर फ्लॉवरचा 'भात'. सोबत काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि एक छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर रोज ठळक अक्षरात: नेट कार्ब १८ ग्रॅम. नेट कार्ब म्हणजे एकूण कार्ब (कर्बोदकं, पिष्ट-साखर) वजा न पचणारे तंतू, म्हणजे फायबर.

चवीबद्दल तक्रार नाही. काळं तिखट बेताचं, तेल सढळ पण वर तरंगणारं नाही, आणि भाज्या हंगामाच्या. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी आणि शेपू देणारा डबा शहरात सहसा मिळत नाही. भाज्यांची निवडही जाणकार माणसाची वाटते. पालक, मेथी, फ्लॉवर, कोबी, वांगं, दुधी, कारलं, सिमला मिरची यांत नेट कार्ब कच्च्या १०० ग्रॅमला साधारण १ ते ३ ग्रॅम, भेंडीत ४ च्या थोडं वर. बटाटा (१५), रताळं (१७) आणि मक्याचं कणीस बाहेर ठेवलंय. गाजर आणि बीट ७ च्या आसपास, ते कोशिंबिरीत चिमूटभर रंगापुरतं येतं. मटार ९ च्या घरात जातो, तोही मूठभरच.

मग १८ चा आकडा चुकतो कुठे? मंगळवारचा डबा घ्या. मेथीची पीठ पेरलेली भाजी, भरली वांगी, भाकरी, कोशिंबीर. विचारलं की स्वयंपाकघरातून प्रमाण मोकळेपणाने सांगतात: निवडलेल्या एक किलो मेथीला १०० ग्रॅम बेसन. एका डब्यात साधारण २०० ग्रॅम कच्ची मेथी जाते, म्हणजे बेसन २० ग्रॅम. मेथीचे कार्ब ४, बेसनाचे ९ ते १०, फोडणीतल्या अर्ध्या कांद्याचे ३. भाजी झाली १७ ची, आणि तिच्यात मेथीचा वाटा पावभरही नाही. भरल्या वांग्यात वांग्यांचे ४, मसाल्यातल्या कांद्याचे ४, कुटाचे दीड आणि गुळाच्या खड्याचे ५. भाकरी आणि कोशिंबीर मिळून आणखी ५-६. बेरीज ३७ च्या आसपास, चिठ्ठीच्या दुप्पट.

इथे शेंगदाण्याच्या कुटावर उगाच आळ येतो. दाण्यात १०० ग्रॅमला तंतू वजा जाता साडेसात-आठ ग्रॅमच कार्ब, त्यामुळे दोन चमचे कूट एका ग्रॅमवर जात नाही. कॅलरी मात्र चांगल्याच वाढतात, तो हिशेब वेगळा. कार्ब मोजणाऱ्याने कूट खुशाल खावं, बेसन वजन करून.

येसरही बेसनासारखाच. रश्श्याला दाटपणा देणाऱ्या त्या पुडीत भाजलेली बाजरी, गहू, हरभरा डाळ असते. माणशी २० ग्रॅम येसर म्हणजे १० ते १२ ग्रॅम कार्ब, आणि चिठ्ठीवर ते 'मसाला' या नावाखाली शून्य धरलेत. गुरुवारचं चिंचगुळाचं कारलं तर नमुनेदार. १५० ग्रॅम कारल्यात जेमतेम दीड-दोन ग्रॅम, त्यावर चिंचेचा १० ग्रॅम गर आणि १२ ग्रॅम गूळ, म्हणजे १६-१७ ग्रॅमची भर. कडूपणा लपवायला अख्ख्या डब्याचा कोटा खर्ची पडला.

चिठ्ठीतली दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. बुधवारी पालकाच्या पुढे '०' छापलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटकांच्या सारणीत कार्बचा आकडा तंतू आधीच वगळून दिलेला असतो. अमेरिकी कृषी खात्याच्या सारणीत तंतू धरून असतो, तिथे वजाबाकी करावी लागते. डबेवाल्यांनी आकडा आपल्या सारणीतला घेतला आणि रीत अमेरिकेची लावली. पालकात २ ग्रॅम कार्ब आणि २.४ ग्रॅम तंतू. दोनमधून अडीच गेले की उत्तर उणे येतं, म्हणून शून्य लिहून मोकळे. मेथीत तर २ मधून ५ जातात. पालेभाजीत या चुकीने फार बिघडत नाही, पण कांदा, गवार, मटार यांत दोन-चार ग्रॅम सहज गायब होतात. ओळखायची खूण सोपी: उत्तर उणे आलं की तंतू दोनदा वजा झालेत.

तिसरी गोष्ट वजनाची. सारणीतले आकडे कच्च्या भाजीचे, आणि चिठ्ठीवर ते शिजलेल्या वजनाला लावलेत. पालेभाजी शिजून निम्म्याहून कमी होते, पाणी उडतं, कार्ब तिथेच राहतात. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घेऊन निवडलेली कच्ची भाजी, कांदा, पीठ, गूळ वेगवेगळं मोजायचं आणि एकूण कार्बला डब्यांच्या संख्येने भागायचं, एवढंच करायला हवं.

जवसाची भाकरी खरंच कमी कार्बची आहे, कारण जवसात जवळपास सगळा कार्ब तंतूचाच. गरम पाण्यात थोडं इसबगोल घालून पीठ मळतात आणि दहा मिनिटं मुरू देतात, त्यामुळे ती मोडत नाही. शुक्रवारी-शनिवारी मात्र तिला ऑइलपेंटसारखा वास येतो. दळलेल्या जवसातलं तेल हवेने लवकर खवट होतं. पीठ थोडं थोडं दळून फ्रिजमध्ये ठेवलं तर हे टळेल. फ्लॉवरचा भात गरमच बंद केल्याने दुपारपर्यंत लगदा होतो आणि झाकण उघडताच उग्र वास येतो. किसून, पिळून, मोठ्या आचेवर झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं परतून गार करून भरला तर मोकळा राहतो.

सांगितलेलं ऐकतात, ही या डब्याची मोठी जमेची बाजू. आदल्या रात्री आठच्या आत 'पीठ नको, गूळ नको, येसर नको' असा निरोप दिला की मेथी कूट लावून येते आणि कारलं नुसतं तेला-मिठावर कुरकुरीत परतलेलं. त्याने मंगळवारचा डबा २२-२३ वर येतो. डाळमेथीच्या दिवशी निरोपाचा उपयोग नाही, २५ ग्रॅम तूरडाळीतच १२ ग्रॅम कार्ब असतात. त्या दिवशी पर्याय म्हणून अंडाकरी मिळते, पण तिचा रस्साही येसर न घातलेला मागायचा.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डबा लावण्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्या, आणि विचारताना चिठ्ठीवरचा १८ सांगू नका.