नेटची वीकेंड बॅच: सर पाच स्टार, नोट्स एक स्टार

लाईफ सायन्स नेटची (प्राध्यापकीसाठीची परीक्षा) वीकेंड बॅच लावली होती संभाजीनगरला, क्लासचं नाव नाही सांगत, उगं भांडण नको. जालन्यावरून जाऊन येऊन केली अन् तेबी एप्रिल-मे मधी, म्हणजे काय हाल झाले असतील बघा. ॲडमिशनच्या वेळी एसी आहे म्हणले होते, तो ऑफिसात निघाला, वर्गात दोन पंखे अन् साठ पोरं.

पण प्रोटीन डिग्रेडेशनचं, म्हणजे पेशी नको असलेलं प्रोटीन कसं मोडते त्याचं, लेक्चर लय भारी झालं राव. मला आजवर एवढंच पाठ, आपल्या पेशीत खराब प्रोटीनला खूण म्हणून युबिक्विटिन चिकटतं अन् प्रोटिअसोम नावाचं यंत्र त्याचा भुगा करतं, २००४ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याच्यावरच. सरांनी विचारलं, बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियाकडं युबिक्विटिन नाही, मग उष्णतेनं प्रोटीन बिघडल्यावर ते काय करतं? सगळे गप. सर म्हणले, मोंढ्यात भिजलेल्या पोत्यावर हमाल खडूनं फुली मारतो का नाही, तसंच. एमसीएसबी नावाचं एन्झाइम बिघडलेल्या प्रोटीनमधल्या आर्जिनिन या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट लावतं, ती फुली. क्लपसी नावाचं प्रोटीन ती ओळखून बिघडलेलं प्रोटीन उलगडतं अन् क्लपपी या कापणाऱ्या एन्झाइमच्या पोकळीत ढकलतं, तिथं तुकडे. युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो ॲसिडचं आख्खं प्रोटीन, इथं एवढ्याशा फॉस्फेटवर काम भागतं! अन् वायडब्ल्यूएलई नावाचं दुसरं एन्झाइम ही फुली पुसूबी शकतं.

मी विचारलं, मग हे कळायला २०१६ काहून उजाडलं (व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ क्लाउसेन यांच्या टीमनं तवा दाखवलं की ही खूण डिग्रेडेशनसाठी आहे). तर सर म्हणले आर्जिनिनवरचा फॉस्फेट ॲसिडमधी टिकत नाही, अन् लॅबमधी नेहमीच्या पद्धतीत ॲसिड असतंच, म्हणजे बघायला जावं तर खूणच गायब. हे असं कोणी सांगितलंच नव्हतं आम्हाला एमएस्सीला.

आता नोट्स. ३५० रुपये वेगळे घेतले अन् त्यात छापलंय टॅगिंग (प्रोटीनला अशी खूण लावणं) फक्त युकॅरिओटमधी, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींत, होतं! टीबीच्या बॅक्टेरियाचं पप नावाचं खुणेचं प्रोटीन कुठंय मग, ६४ अमिनो ॲसिडचं, २००८ पासून माहितीये. एसएसआरए टॅग दिलाय पण तो उष्णतेनं बिघडलेल्या प्रोटीनच्या हेडिंगखाली, तो तर प्रोटीन बनवणारा रायबोसोम मधीच अडकला की अर्धवट प्रोटीनला लागणारी शेपटी, ई. कोलाय या बॅक्टेरियामधी ११ अमिनो ॲसिडची. अन् ई. कोलायकडं एमसीएसबी नसतंच, तेबी नाही लिहिलं. परीक्षेच्या पार्ट सी मधी असं लिहून आलं तर निगेटिव्ह मार्क कोण भरणार? काउंटरवर सांगितलं तर म्हणे पुढच्या एडिशनला बघू.

बॅच लावायची तर लावा, पण नोट्सचे पैसे वाचवा. सर बोर्डाचे फोटो काढू देतेत, फक्त पुढच्या बाकावर जागा धरायला अर्धा तास आधी जा.