हेल्म की कस्टमाइझ? आधी साधं याम्ल पुरतं का बघा

कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनरमधली ॲप्स चालवणारी प्रणाली. तिच्यावर एखादं ॲप चढवायला डिप्लॉयमेंट (ॲप कसं चालवायचं), सर्व्हिस (त्याच्यापर्यंत कसं पोहोचायचं), कॉन्फिगमॅप (सेटिंग) अशा चार-पाच याम्ल फाइली, म्हणजे साध्या मजकुरातल्या सेटिंग-फाइली, लागतात. हेल्म आणि कस्टमाइझ ही त्या फाइली सांभाळायची दोन साधनं. क्लस्टर एकच आणि एन्व्हायर्न्मेंटही एकच असेल, तर त्या गिटमध्ये ठेवा, क्युबसीटीएल या कुबरनेटीसच्या कमांड-लाइन साधनाने अप्लाय करा आणि पुढचं वाचूच नका.

स्टेजिंग (चाचणीचं) आणि प्रॉडक्शन (खरं वापरातलं) वेगळं झालं की अडचण सुरू होते. रेप्लिका (ॲपच्या चालत्या प्रती) दोनऐवजी दहा, इमेजचा (ॲपच्या तयार पॅकेजचा) टॅग वेगळा, मेमरीची मर्यादा जास्त, बाकी सगळं तेच. फाइलींच्या प्रती काढल्या की थोड्याच दिवसांत खरी कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही.

कस्टमाइझमध्ये मूळ फाइली बेसमध्ये राहतात आणि ओव्हरलेत फक्त फरक लिहायचा. मूळ फाइल साधं याम्लच राहते, त्यामुळे नवा माणूसही ती वाचू शकतो. मार्च 2019 मधल्या 1.14 पासून हे क्युबसीटीएलमध्येच मिळतं. मात्र 1.21 येईपर्यंत आत बरंच जुनं कस्टमाइझ होतं, म्हणून आवृत्ती तपासा. मला यातला सगळ्यात आवडता भाग कॉन्फिगमॅप जनरेटर. तो मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) नावाला जोडतो, त्यामुळे सेटिंग बदललं की नाव बदलतं आणि पॉड, म्हणजे ॲपच्या चालत्या प्रती, नव्याने उभे राहतात. एरवी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून सेटिंग घेणारे पॉड कॉन्फिगमॅप बदलला तरी जुन्याच मूल्यांवर चालत राहतात, आणि आपण तासभर भलतीकडेच चूक शोधतो.

उणीव अशी की बेसमधून फाइल काढली तरी क्लस्टरवरची वस्तू आपोआप जात नाही. मागे फिरायचं तर गिटमध्ये जुनं आणून पुन्हा अप्लाय करा.

हेल्म इथे वरचढ ठरतं. प्रत्येक रिलीजचा (क्लस्टरवर बसवलेल्या ॲपचा) इतिहास ते क्लस्टरमध्येच ठेवतं. रोलबॅक एका आज्ञेत होतं, अनइन्स्टॉलही. क्लस्टरमध्ये बसणाऱ्या टिलर या सर्व्हर-भागामुळे त्याचं नाव खराब झालं होतं, पण नोव्हेंबर 2019 च्या हेल्म 3 ने टिलर काढूनच टाकला. किंमत मोजावी लागते ती टेम्प्लेटमध्ये, म्हणजे मूल्यांच्या जागा रिकाम्या ठेवलेल्या साच्यांमध्ये. हेल्मला याम्ल कळत नाही, ते नुसता मजकूर जोडतं. मग किती स्पेस सोडायच्या हे आपण मोजत बसायचं. चार इफ (अटी) आणि दोन रेंज (पुनरावृत्ती) झाले की फाइल लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. शिवाय चार्टच्या (हेल्मच्या पॅकेजच्या) सीआरडी फोल्डरमधल्या, कुबरनेटीसला नवे वस्तुप्रकार शिकवणाऱ्या व्याख्या अपग्रेडमध्ये बदलत नाहीत, त्या हाताने लावाव्या लागतात.

जेसॉनेट, क्यू यांच्याकडे छोट्या टीमने आत्ता वळू नये. त्या सेटिंग लिहायच्या वेगळ्या भाषाच आहेत.

तुमचं ॲप तुम्हीच चालवणार असाल तर कस्टमाइझ घ्या. अनोळखी लोक ते आपापल्या क्लस्टरवर बसवणार असतील तर हेल्म, कारण त्यांना टेम्प्लेट न उघडता व्हॅल्यूज फाइल (मूल्यांची यादी) भरून काम उरकायचं असतं. दुसऱ्यांची तयार सॉफ्टवेअर बहुधा चार्ट म्हणूनच मिळतात, म्हणजे हेल्म थोडंफार शिकावंच लागतं. दोन्ही एकत्रही चालतात: चार्टमधून याम्ल काढून त्यावर कस्टमाइझचा पॅच लावता येतो. फक्त तयार झालेलं अंतिम याम्ल आधी क्युबसीटीएल डिफला (क्लस्टरवर आत्ता जे आहे त्याच्याशी फरक दाखवणाऱ्या आज्ञेला) दाखवा, मगच अप्लाय करा.