सीओटू लेझर, आठ महिने: माझं भांडण काजळीशी

३० वॅटचं, काचेच्या ट्यूबचं, चामखीळ वगैरे काढायचं कार्बन डायऑक्साइड लेझर मशीन. स्किन क्लिनिकवाल्यांना बाकीचे आकडे तोंडपाठ असतात, म्हणून थेट काजळीवर, म्हणजे जळलेल्या त्वचेच्या काळ्या थरावर येते.

डिसेंबरात नागपूरच्या धरमपेठेतल्या क्लिनिकसाठी घेतलं. लेझर जिच्यात तयार होतो ती ट्यूब महाग, ती जपावी म्हणून मी ४-५ वॅटवर, कंटिन्युअस मोडमध्येच (बीम म्हणजे किरण सलग चालू ठेवून) काम करायचे. पेशंटलाही त्रास कमी होईल असं वाटायचं. पण चामखीळ काढली की खाली काळाकुट्ट थर. एका काकूंच्या मानेवरची जखम भरायला तीन आठवडे गेले, वर डाग राहिला. मार्चमध्ये मी कंपनीशी कडाडून भांडले. बीम खराब आहे, बदलून द्या! इंजिनिअर आला, ओल्या टंग डिप्रेसरवर (जीभ दाबायच्या लाकडी पट्टीवर) शॉट मारला. ठिपका स्वच्छ, गोल, म्हणजे बीम ठीक. व्हिजिटचे पैसे घेतले आणि जाताना म्हणाला, "मॅडम, वॅट वाढवा अन् सुपरपल्सवर घ्या."

सुपरपल्स म्हणजे सलग बीमऐवजी अगदी छोटे, जोरदार ठोके. संताप झाला, पण त्याचंच खरं निघालं. १०,६०० नॅनोमीटरचा हा प्रकाश त्वचेतलं पाणी शोषून घेतं, आणि साधारण २० मायक्रॉनमध्ये तो संपतो. एवढ्या पातळ थरातली उष्णता शेजारी झिरपायला एक मिलिसेकंदही लागत नाही. त्याआधी पुरेशी ऊर्जा पोचली तर पाण्याची एकदम वाफ होते आणि बरीच उष्णता वाफेसोबतच निघून जाते. मी मंद आचेवर शिजवत होते. पाणी आटायचं, कोरड्या ऊतकाचा कोळसा व्हायचा. कोळशात पाणीच नाही, त्यामुळे तापमान १०० अंशांवर थांबत नाही. तो शेकडो अंश तापून खालची चांगली त्वचा भाजतो. ट्यूब वाचवायला गेले आणि काकूंची मान भाजली, याचं अजून वाईट वाटतं.

आता सुपरपल्सच. शॉटवर शॉट पडू द्यायचे नाहीत, उष्णता साचते. प्रत्येक फेरीनंतर सलाइनच्या ओल्या गॉझने पुसायचं. तळ गुलाबी दिसतो. हा लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये बनवणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे, हे कळल्यापासून मशीनबद्दल जरा माया वाटते.

मे महिन्यात ट्यूब थंड ठेवणारं पाणी तापून अलार्म दोनदा वाजला. नागपूरचं ऊन, त्यात एसी बंद. तेव्हापासून प्रोसिजर सकाळीच. तक्रार एकच उरली: खरा बीम दिसत नाही, आणि बीम पोचवणारा आर्म हलवला की नेम धरायचा लाल ठिपका (पायलट) त्याच्यापासून किंचित सरकतो. म्हणून रोज पहिल्या पेशंटआधी ओल्या टंग डिप्रेसरवर एक शॉट मारून बघते.